फुप्फुसातला शेजारधर्म

शाहूवाडीकडची भाताची खाचरं आपण पाहिलीच असतील. प्रत्येक खाचराला बांध असतो. पण बांध नुसता बंद ठेवून भागत नाही. एके ठिकाणी त्याला तोंड ठेवावं लागतं, तेव्हाच वरचं पाणी खालच्या खाचरात उतरतं. अशीच काहीशी सोय आपल्या फुप्फुसातही आहे.

बकऱ्याचं ताजं फुप्फुस पाण्यात टाका. आतल्या हवेमुळं ते तरंगतं. बोटानं दाबून सोडा. पुन्हा वर येतं. हा लवचिकपणा येतो कुठून? माणसाच्या फुप्फुसात हवेच्या बारीक पिशव्या, म्हणजे वायुकोश, सुमारे ३० ते ५० कोटी असतात. त्यांच्या पातळ भिंतींत कोलॅजेनचे चिवट धागे असतात आणि इलॅस्टिनचे ताणून परत आखडणारे धागे असतात. हे धागे तयार करतात तंतुजनक पेशी.

या पेशी भिंतीतल्या विटांसारख्या एकमेकींना चिकटून नसतात. त्या विरळ असतात आणि लांब फाटे पसरतात. दोघींचे फाटे भिडतात तिथे काही जागी सूक्ष्म नळ्या असतात. एका पेशीचे प्रथिनाचे ६ तुकडे, समोरचीचे ६, मिळून एक नळी होते. तिच्यातून क्षार व लहान रेणू जातात. मोठी प्रथिनं अडतात. उंदराचं हृदय व यकृत तपासून रेव्हेल आणि कार्नोव्स्की यांनी १९६७ साली अशा जोडाचं वर्णन केलं. त्याला 'गॅप जंक्शन' म्हणतात. पुढं प्राण्यांच्या फुप्फुसातल्या तंतुजनक पेशींतही असे जोड आढळले.

भिंतीला इजा झाली की या पेशी जादा धागे विणून ती सांधतात आणि थांबतात. पण इजा रोजचीच झाली, तर काम थांबत नाही. पेशी आखडू लागतात, एकमेकींना घट्ट धरतात. भिंत जाड व ताठ होते. मग श्वास घेतला तरी प्राणवायू रक्तात पुरेसा उतरत नाही, आणि चढण चढताना दम लागतो.

आपल्या पावसाळी मुलखात हे ध्यानात ठेवायला हवं. ओलं राहून बुरशी धरलेलं गवत झाडताना उडणारी धूळ वारंवार छातीत गेली, तर काहींना असाच विकार जडतो. डॉक्टर त्याला 'शेतकऱ्याचं फुप्फुस' म्हणतात. गुरांनाही तो होतो, बरं का!

म्हणून वैरण चांगली वाळवूनच रचावी. बुरशीची वैरण कोंदट गोठ्यात झाडू नये. उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, नाकातोंडावर मास्क लावून झाडावी. खोकला व दम हटत नसेल, तर डॉक्टरांना गवताच्या धुळीचंही सांगावं. बांध फुटला तर पुन्हा घालता येतो. ताठ झालेली फुप्फुसाची भिंत मात्र सहसा पुन्हा मऊ होत नाही.