एचआयव्ही आणि मातृत्वाचा निर्णय

एचआयव्हीची लागण झालेल्या स्त्रीने मूल होऊ द्यावे की नाही, या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देण्याचा मोह समाजाला दीर्घकाळ होत आला आहे. आणि ते उत्तर बहुधा नकारार्थीच असे. १९८६ साली भारतात या विषाणूची पहिली नोंद मद्रास येथे झाली. तेव्हा, व त्यानंतरही कितीतरी वर्षे, या उत्तराला भीतीचा भक्कम आधार होता. आज तो आधार पुष्कळसा ढासळला आहे. तथापि निर्णय सोपा झालेला नाही. असे का व्हावे, हे राजधानी दिल्ली व तिच्या परिसरातील स्त्रियांच्या परिस्थितीवरून समजून घेता येते.

प्रथम वैद्यकीय बाजू पाहू. आईकडून मुलाला लागण होण्याची शक्यता गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी आणि स्तनपानाच्या काळात असते. कोणताही उपाय न केल्यास दर शंभर बालकांपैकी १५ ते ४५ बालकांना लागण होऊ शकते. योग्य उपचार मिळाल्यास हेच प्रमाण ५ पेक्षाही खाली येते. विषाणूला आवर घालणारी औषधे भारतात १ एप्रिल २००४ पासून निवडक शासकीय रुग्णालयांत मोफत मिळू लागली, आणि २०१४ पासून लागण झालेल्या प्रत्येक गर्भवतीला ती आजन्म देण्याचे धोरण देशभर लागू झाले. बाळालाही जन्मानंतर निदान सहा आठवडे प्रतिबंधक औषध दिले जाते. त्याची पहिली तपासणी सहा आठवड्यांनी होते. अखेरच्या निश्चितीसाठी मात्र अठरा महिने वाट पाहावी लागते. हे दीड वर्ष आईच्या दृष्टीने किती दीर्घ असते, हे आकड्यांवरून कळत नाही.

कायद्याची भूमिकाही बदलत गेली आहे. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात अशा व्यक्तीचा विवाहाचा हक्क स्थगित राहतो, असे मत नोंदविले होते. त्या खटल्याच्या निकालासाठी हे मतप्रदर्शन अनावश्यक होते, असे त्याच न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या कायद्यानुसार, लागण झालेल्या गर्भवती स्त्रीचा गर्भपात अथवा तिच्यावरील नसबंदीची शस्त्रक्रिया तिच्या जाणत्या संमतीवाचून करता येत नाही.

परंतु औषध रुग्णालयात मिळते, हक्क कायद्यात असतो, आणि निर्णय मात्र घरात घ्यावा लागतो. उदाहरणार्थ, पूर्वेकडील एखाद्या खेड्यातून येऊन फरीदाबाद वा गाझियाबाद येथे भाड्याच्या खोलीत राहणारी स्त्री घेऊ. आजाराची माहिती पतीपत्नींखेरीज कोणालाही नाही. लग्नाला तीन वर्षे झाली की सासू विचारू लागते, शेजारणी कुजबुजू लागतात. मूल नसणे हेच संशयाचे कारण ठरते. म्हणजे मूल होऊ देण्यात जसा धोका आहे, तसा न होऊ देण्यातही आहे. आणि लोक दुसऱ्या धोक्याचा हिशेब क्वचितच करतात. पतीचे निधन झाल्यास आपल्याला कोण विचारील, आपल्यामागे मुलाला कोण सांभाळील, हे परस्परविरोधी प्रश्नही तिच्या मनात एकाच वेळी उभे राहतात.

प्रसूतीनंतर ही ओढाताण अधिक सूक्ष्म होते. पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध पाजावे, त्यासोबत वरचे काहीही देऊ नये, असा सल्ला दिला जातो. कारण मिश्र आहाराने लागणीचा धोका वाढतो. इकडे घरातील वडीलधारी स्त्री मोठ्या मायेने बाळाच्या जिभेला मध लावण्यास किंवा घुटी पाजण्यास पुढे येते. सून तिला थांबविणार कशी, आणि कारण काय सांगणार? अंगावरचे दूध न पाजता डब्याचे दूध आणावे, तर त्याचाही बोभाटा होतोच.

बाळंतपणासाठी गावी जायचे असल्यास गोळ्यांची तजवीज आधीच करावी लागते, कारण औषधांत खंड पडून चालत नाही. २०२२ च्या पावसाळ्यात औषधांच्या टंचाईविरुद्ध अनेक रुग्णांनी दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयासमोर कित्येक आठवडे धरणे धरले होते, ते याचसाठी. औषधांच्या अखंड पुरवठ्यावरच त्या पाच टक्क्यांचा भरवसा उभा आहे.

यास्तव समुपदेशकाचे काम 'होय' किंवा 'नको' सांगण्याचे नाही. रक्तातील विषाणूंचे प्रमाण पुरेसे कमी झाले आहे का, पतीची तपासणी झाली आहे का, गर्भधारणा केव्हा इष्ट ठरेल, घरात कोणाला विश्वासात घेता येईल, हे त्या स्त्रीपुढे स्पष्टपणे मांडणे, हे ते काम होय. कोणी सर्व ऐकून मूल हवे म्हणेल, कोणी असलेल्या एका मुलावर समाधान मानील, कोणी मूल नकोच असे ठरवील. या तीनही उत्तरांत विवेक असू शकतो. अट एवढीच, की ते उत्तर भीतीने वा सक्तीने नव्हे, तर तिने स्वतः जाणून दिलेले असावे.