एका सुताचा फरक

मुंबईतल्या शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा निरोपाचे लेख सगळ्यांनीच छापले. आमच्या संपादकांचं म्हणणं वेगळं होतं. ‘गेल्या त्यांच्यावर पुष्कळ लिहून झालं. ज्या अजून लोकांच्या दारात आहेत, ज्यांच्यावर मालक पैसा ओततायत, त्यांचं काय चाललंय ते बघून या.’ म्हणून कुर्ल्यातल्या एका गॅरेजात माझं जाणं-येणं सुरू झालं. इंजिनाबद्दल तिथे कुणी फारसं बोलत नाही. १०८९ सीसीचं ते साधं, सोशिक इंजिन कुठलाही जुना मेकॅनिक आजही उघडून बांधून देतो. सगळी चर्चा आणि सगळी चिडचिड असते ती काचेची रबरं, दाराच्या बीडिंग, चकचकीत पट्ट्या आणि नावाचे मोनोग्राम यांच्यावरून. हे सगळं बाजारात नवीन मिळतं. फक्त गाडीला बसत नाही.

गॅरेज कुर्ल्यात असावं हे साजेसंच आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कारखाना इथेच उभा राहिला. आधी डॉज, प्लायमाउथ अशा अमेरिकी गाड्यांची जुळणी, मग फियाट. तूरीनच्या फियाट कंपनीने १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडलेली ११०० आपल्याकडे आली ती ‘डुक्कर फियाट’ म्हणून लोकांच्या तोंडी बसली. १९६४ पासून ११००-डी. १९७२ मध्ये तिची प्रीमियर प्रेसिडेंट झाली, १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी. नावं बदलली, बांधा तोच राहिला, तो थेट शतक संपेपर्यंत. पस्तीसेक वर्षं एकच गाडी म्हणजे सुटे भाग शोधणाऱ्याची चैनच, असं बाहेरून कुणालाही वाटेल. आतली गोष्ट मला सांगितली ती काकांनी.

काका या गॅरेजचे फिटिंगचे मिस्त्री. मूळचे सावंतवाडीकडचे, पोरवयात मुंबईत आले आणि तेव्हापासून पत्र्याला काच आणि काचेला रबर बसवतायत. डेंटिंग वेगळा माणूस करतो, रंग वेगळा. दोघांचं संपलं की गाडी काकांच्या हातात येते, आणि आधीच्या प्रत्येकाने केलेली गडबड त्यांच्याच हाताखाली उघडी पडते. त्यांच्या खिशात मीटरची टेप असते, पण मोजमाप तोंडी येतं ते सुतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून थोडं जास्त. ‘अर्ध्या सुतापर्यंत मी सांभाळून घेतो,’ ते म्हणाले. ‘एक सूत गेलं की मग तुमची गाडी पावसात आतून भिजणार, ते आधीच ऐकून ठेवा.’

हे एक सूत जातं कुठे, याचं उत्तर मला गॅरेजच्या फळीवर मिळालं. तिथे मागच्या दिव्याखाली बसणारी दोन रबरं ठेवली होती, एक जुनं काढलेलं आणि एक बाजारातून आणलेलं. नवं सरळ सरळ लहान होतं. बाजारातला माल बनवणाऱ्याकडे कंपनीची ड्रॉइंग नसतात. त्याच्याकडे असतो एखाद्या गाडीचा उतरवलेला जुना भाग, आणि त्यावरूनच तो साचा पाडतो. धुऊन आटलेला सदरा नमुना म्हणून शिंप्याकडे द्यावा तसा हा प्रकार आहे. ते रबर चाळीस उन्हाळ्यांत आधीच आखडलेलं असतं. वर साच्यात शिजवलेलं नवं रबर थंड होताना आणखी दोनेक टक्के आकसतं. मूळ साचा करणारा कारागीर ही घट धरून साचाच मोठा कापतो. नक्कल करणाऱ्याने ती धरली नाही तर सहा इंच लांबीच्या रबरात तीन मिलिमीटर उडाले. म्हणजे काकांचं एक सूत. पुढे दुसरा कुणी याच नकलेवरून आणखी एक साचा पाडतो.

धातूचं गणित वेगळं, पण पीडा तीच. नावाचा मोनोग्राम मूळ जस्ताच्या मिश्रधातूचा, ज्याला आपल्याकडे सगळे मझाक म्हणतात, दाबाखाली ओतलेला. नक्कल बहुतेक वेळा पितळेत, वाळूच्या साच्यात. पितळ दीड टक्क्याच्या आसपास आकसतं. पाच इंच अंतरावरच्या दोन खुंट्या दोन मिलिमीटरने जवळ आल्या की पत्र्यातल्या भोकांत त्या शिरतच नाहीत. मग कुणीतरी ड्रिल घेऊन नव्याकोऱ्या रंगात भोक मोठं करतो, आणि पुढच्या पावसाळ्यात गंज तिथूनच सुरू होतो. स्टेनलेसच्या पट्टीची खोड आणखी निराळी. वाकवलेला स्टेनलेस हात सोडला की थोडा परत उघडतो. म्हणून मूळ डायमध्ये तो हवा त्यापेक्षा जास्त वाकवलेला असतो. बसलेल्या पट्टीचा आकार पाहून नवी डाय केली तर हा जादा बाक तिच्यात येतच नाही. पट्टी क्लिपवर बसते खरी, पण तिची कड पत्र्यापासून उचललेली राहते. काका तिच्यावरून नुसतं बोट फिरवतात आणि कुठे उचललीय ते सांगतात.

दोष सगळा नकलेचा असता तर प्रश्न सोपा होता. गाडीही सरळ नसते. त्या काळच्या गाड्यांची दारं बिजागरीला हिसका देऊन, कडा ठोकून, फट डोळ्याने जुळवून बसवलेली. डाय झिजत गेल्या तसा पत्र्याचा बाकही थोडा थोडा हलत गेला. १९६५ ची गाडी आणि १९९५ ची गाडी शेजारी लावल्या तर सारख्याच दिसतात, पण एकीचा दरवाजा दुसरीला कधीच नीट लागत नाही, हे काकांनी स्वतः करून पाहिलेलं. त्यात मधल्या वर्षांतले अपघात, आणि प्रत्येक अपघातानंतर चढलेली लांबी, म्हणजे पुट्टी. दाराच्या कडेला लांबीचा पाव इंच थर असेल तर अस्सल कंपनीचं, डबाबंद राहिलेलं रबरसुद्धा तिथे हरतं.

मला सगळ्यात गुंतवून ठेवलं ते पुढच्या दारातल्या छोट्या तिकोनी काचेने. एसी नसलेल्या दिवसांत ज्यांनी या गाडीतून प्रवास केलाय त्यांना ती काच आठवत असेल. मुठीची कळ दाबून ढकलली की ती वर-खाली दोन खिट्यांवर फिरते आणि वारा थेट गळ्याशी येतो. फिरताना खिटीच्या मागचा भाग बाहेर जातो आणि पुढचा भाग आत येतो. म्हणजे तिला पाणी अडवणाऱ्या रबराची पातळ कड मागच्या बाजूला काचेच्या आतून हवी आणि पुढच्या बाजूला बाहेरून. खिटीपाशी त्या कडेने बाजू बदलायची. हा बदल जेमतेम नखभर जागेत होतो आणि मूळ रबरात तो साच्यातच घडवलेला आहे. किती विचार करून कुणीतरी तो घडवला असेल, या कल्पनेने मी त्या तुकड्याकडे बराच वेळ बघत राहिलो.

बाजारातल्या रबरात नेमकं तिथेच पाणी मुरतं. कुणी बाजू बदलतो पण खिटीच्या अलीकडेच, कुणी तिथे नुसता जाड गोळा सोडतो. काच मग एक तर पूर्ण मिटत नाही, नाही तर मिटली की उघडताना रबरच ओढून नेते. काकांची पद्धत मी जवळून पाहिली. आधी रबर कोमट पाण्यात ठेवायचं, म्हणजे ते नरम पडतं. मग चौकटीत नुसतं बसवायचं, सरस अजिबात नाही. काचेच्या कडेला खडू फासायचा, काच हळू मिटायची, पुन्हा उघडायची. खडू जिथे रबरावर उमटला तिथे दाब आहे, जिथे कोरं राहिलं तिथून पाणी येणार. जिथे गडद पांढरं उमटलं तिथे ते दाढीच्या ब्लेडने कागदाच्या जाडीचा थर उतरवतात, पॉलिश पेपर मारतात आणि पुन्हा खडू. खिटीपाशी मात्र रबर उतरवून भागत नाही, तिथे भर घालावी लागते. ती ते जुन्या रबराचा कापलेला तुकडा चिकटवून घालतात. डाव्या दाराची काच बसेपर्यंत जेवणाची सुट्टी होऊन गेली होती. उजवीकडचं रबर त्याच पाकिटातलं, पण त्याचं दुखणं दुसऱ्याच कोपऱ्यात निघालं.

दारांच्या बीडिंगचा त्रास उलट्या दिशेचा. मूळ बीडिंग स्पंजासारखी दबणारी. स्वस्त नक्कल भरीव असते, त्यात खडूची पूड आणि टायरचं पुनर्वापर केलेलं रबर ठासलेलं. दार ढकललं की ते उलटं अंगावर येतं. मालक म्हणतो, जोरात लावा. जोरात लावलं की कुलपाची पट्टी सरकते, बिजागरी ढिली होते, आणि दोन वर्षांत ते रबर उन्हाने तडकतं ते तडकतंच. ईपीडीएम जातीचं रबर ऊन-वाऱ्यात टिकतं, पण ते मागणाऱ्याने नाव घेऊन मागावं लागतं. दुकानदार आपणहून विचारत नाही.

काकांचा एक आग्रह आहे आणि त्यावरून त्यांची रंगवाल्याशी कायम जुंपते: सगळी सजावट एकदा रंगाआधी बसवून पाहायची. पट्ट्या, दिवे, मोनोग्राम, काचा, बंपर, सगळं. अस्तराच्या राखाडी रंगात असतानाच भोकं सरकवायची, कडा ठोकायच्या, लांबी उतरवायची, आणि मग पुन्हा सगळं काढून रंगाला द्यायचं. यात काम दुप्पट होतं. मालकाला वाटतं मिस्त्री वेळ काढतोय, रंगवाल्याला वाटतं आपल्या कामावर संशय घेतोय. मी पाहिलेल्या गाड्यांपैकी ज्यांची अशी चाचणी झाली होती त्यांच्या पट्ट्या दारापासून दारापर्यंत एका रेषेत होत्या. ज्यांची झाली नव्हती त्यांच्या नव्या रंगावर पेचकसाचे ओरखडे होते. माझ्या मते याहून दुसरा पुरावा नको.

खरी काळजी पुढची आहे. ‘नकली बसत नाही तर जुनंच दुरुस्त करा’ हा सल्ला सगळे देतात. पण जुन्या मझाकच्या भागावर क्रोमखाली फोड आलेले असतात, आणि फोडाखालचं जस्त खाल्लं गेलेलं असतं. तेजाबात टाकून जुना मुलामा उतरवला की खड्डे आणखी खोल होतात. चांगला प्लेटिंगवाला त्यावर तांबं चढवतो, घासतो, पुन्हा चढवतो, खड्डा भरेपर्यंत. मग निकेल. आपण ज्याला क्रोमची झळाळी म्हणतो ती बरीचशी या निकेलची असते, वरचा क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ. इतक्या फेऱ्या एका दिव्याच्या कड्यासाठी करायला आता कुणी तयार होत नाही. बफिंगच्या चाकावर चार वेळा गेलेल्या भागाच्या धारा बोथट होतात, अक्षरं पुसट होतात, आणि भाग पुन्हा थोडा लहान होतो. शिवाय क्रोमच्या टाक्यांतलं सहा-संयुजी क्रोमियम कर्करोगाला कारण ठरतं. सांडपाण्याचे नियम कडक झाले ते योग्यच झालं. त्यात सुट्या कामाचे छोटे प्लेटिंगवाले मात्र कमी झाले. जे उरले त्यांना एकसारखे हजार नळ हवे असतात, एका पद्मिनीची आठ कडी नकोत.

टॅक्सी भंगारात निघाल्या तेव्हा काही काळ दारं, काचा, बिजागऱ्या ढिगाने मिळाल्या. पण टॅक्सीवर पट्ट्या आणि मोनोग्राम क्वचितच शिल्लक असायचे, आणि रबरं तर बहुतेक नकलीच. इटलीहून ११००-डीची रबरं मागवता येतात. जुन्या वर्षांच्या गाड्यांना ती बरीच जवळ जातात, नंतरच्यांना कमी. आणि आता त्यात कायद्याचीही बाजू आली आहे. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी होते. पहिल्या पद्मिनी आता त्या वयात आल्या आहेत. मूळ स्वरूप राखायचं तर भोक मोठं करून बसवलेला मोनोग्राम आणि सिलिकॉनने चिकटवलेली पट्टी घेऊन मालकाने कुठल्या तोंडाने उभं राहायचं?

काही मालकांनी एकत्र येऊन त्या छोट्या काचेच्या रबराचा नवा साचा करायचं ठरवलं. नमुना कुणाचा घ्यायचा यावरच गाडं अडलं, कारण न आखडलेलं रबर कुणाकडेच नव्हतं. तोड काकांनी सुचवली: रबराची नक्कल करूच नका, धातूची चौकट मोजा, काच मोजा, आणि मधली पोकळी जेवढी निघेल तेवढं रबर काढा. वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांच्या चौकटी मोजल्या गेल्या. त्या आपसांतच अर्ध्या सुताने कमी-जास्त निघाल्या, म्हणून मोठ्यात मोठी पोकळी धरून कड जरा जास्त लवचीक ठेवायचं ठरलं. घट धरून साचा कापला गेला. रबरवाल्याने किमान पाचशे नगांची अट घातली. तेवढे मालक जमेनात, तेव्हा चौघांनी जादा पैसे भरले. पहिला घाणा आला तो आकाराला नेमका होता. खिटीपाशी कड जिथे बाजू बदलायला हवी तिथेच बदलत होती. पण रबर सांगितलेल्यापेक्षा कडक निघालं, काच मिटताना कळ अडकते. काकांनी सगळा घाणा परत पाठवला आहे. रबरवाला म्हणतो, साचा तुमचा, मिश्रण आमचं, नरम हवं असेल तर पुन्हा पाचशे.