धोट्याची नोंद

मुंबईच्या गिरणगावातल्या चाळींमध्ये माळ्यावर अजून थोडी गिरणी शिल्लक आहे. पत्र्याच्या डब्यात ठेवलेला धोटा, पगाराच्या चिठ्ठ्या, युनियनच्या वर्गणीच्या पावत्या, खात्यातल्या सगळ्यांचा एकत्र काढलेला फोटो. चाळ पुनर्विकासाला गेली की आधी माळा रिकामा होतो आणि हे सारे भंगारवाल्याच्या गाडीवर चढते. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्र संग्रहालय उभारण्याचे काम महापालिकेने हाती घेतले आहे. पण वस्तीतल्या लोकांना स्वतःचे लहानसे संग्रहालय दोन खोल्यांतही सुरू करता येते. त्याला थांबायला वेळ नाही. 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा पंचविशीत असलेला माणूस आता सत्तरीला टेकला आहे.

म्हणून जागा, निधी आणि उद्घाटन यांच्याही आधी नोंदवही सुरू करावी. एखादी वस्तू संग्रहालयात कशी येते, ते धोट्यावरूनच पाहू.

धोटा म्हणजे दीड-दोन वीत लांबीचा, कठीण लाकडाचा, दोन्ही टोकांना पोलादी अणी असलेला तुकडा. मधल्या पोकळीत सुताची कांडी बसते आणि बाजूच्या भोकातून धागा बाहेर येतो. कोणी तो आणून दिला की लगेच कपाटात ठेवायचा नाही. आणणाऱ्याला बसवायचे, चहा द्यायचा, रेकॉर्डर सुरू करायचा आणि धोटा त्यांच्याच हातात राहू द्यायचा. हातात वस्तू असली की आठवण नेमकी येते. ‘काका, गिरणीबद्दल काही सांगा’ असे विचारले तर भाषण ऐकायला मिळते. ‘किती माग सांभाळत होता? कांडी संपली हे कसे कळायचे? धागा भोकातून कसा काढायचा?’ असे विचारले तर काम ऐकायला मिळते.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तर गिरणगावाच्या इतिहासात खोल जाते. पूर्वी कांडी बदलली की विणकर धोट्याच्या भोकाला तोंड लावून धागा ओढून घेत असे. हा उष्टा धागा पुढे करून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणकाम खात्यात येऊच दिले जात नव्हते, आणि मजुरी तर त्याच खात्यात जास्त होती. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला. नुसता धोटा काचेआड ठेवला तर यातले काहीच दिसणार नाही. माझ्या मते कामगारांच्या संग्रहालयात वस्तू ही निम्मीच नोंद असते. उरलेली निम्मी माणसाजवळ असते, आणि ती त्याच दिवशी घ्यावी लागते.

मग कागद. वस्तू कायमची दिली की काही काळापुरती, हे दानपत्रावर स्पष्ट लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. मुलाखतीसाठी वेगळे संमतीपत्र हवे: नाव जाहीर करायचे का, एखादा भाग काही वर्षे बंद ठेवायचा का. संपाच्या काळातली कर्जे, भांडणे, कामावर परत गेलेल्यांना मिळालेली वागणूक अजून घराघरांत दुखते. हा हक्क दिला नाही तर माणसे मोकळी बोलत नाहीत आणि त्यांनी का बोलावे?

नोंदवहीत प्रत्येक वस्तूला क्रमांक मिळतो. 2026.4.2 म्हणजे 2026 सालातल्या चौथ्या देणगीतली दुसरी वस्तू. हा क्रमांक लाकडावर थेट लिहायचा नाही. आधी पुन्हा काढता येईल अशा पारदर्शक लाखेचा पातळ थर, त्यावर शाईने बारीक आकडे, वर आणखी एक थर. कपडा असेल तर क्रमांक लिहिलेली सुती पट्टी दोन-चार सैल टाक्यांनी शिवावी. मुंबईच्या दमट हवेत कागदाला कसर लागते आणि लोखंड गंजते, म्हणून पाहणी नियमित हवी. मात्र हौसेने चंदेरी रंग मारू नये. हाताने गुळगुळीत झालेले लाकूड आणि तेलाचा डाग हाच तर पुरावा आहे.

संस्थेचे म्हणाल तर सार्वजनिक न्यास करून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करता येते. त्या न्यासपत्रात एक कलम विसरू नये: संग्रहालय बंद पडले तर वस्तू दुसऱ्या सार्वजनिक संग्रहालयाकडे जातील, विकल्या जाणार नाहीत.

काय गोळा करायचे, यावर मात्र पुरेसा वेळ द्यावा. जो तो माग आणि पुढाऱ्यांचे फोटो शोधतो. पण कोकणातून, घाटावरून एकटे आलेले हजारो कामगार जेवत होते ते बायकांनी चालवलेल्या खाणावळींत. याच बायकांच्या कर्जाच्या गरजेतून 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. खाणावळीची उधारीची वही धोट्याइतकीच मोलाची आहे, आणि ती जपून ठेवायची असते हे कोणी त्या बाईंना सांगितलेले नसते. आपणच त्यांच्या दारी जावे लागेल.

अख्खा माग दोन खोल्यांत मावणार नाही, आवाज मात्र मावतो. अमेरिकेत लॉवेलच्या गिरणी संग्रहालयात जुने माग चालवून दाखवतात, तेव्हा प्रेक्षकांना कानात घालायला बोळे देतात. आपल्याकडे निदान चालू मागाचे रेकॉर्डिंग खऱ्या आवाजात मिनिटभर ऐकवता येईल. आठ तासांच्या पाळीची कल्पना तेवढ्यानेही येते.

वस्तूजवळची पाटी लहान ठेवावी: हे काय आहे, कोणत्या खात्यातले आहे, कोणी वापरले. 1982 च्या संपावर एकच निकाल देऊ नये. संपाचे नेते दत्ता सामंत यांच्याबरोबर शेवटपर्यंत राहिलेल्याचे आणि मधेच कामावर परतलेल्याचे म्हणणे, दोघांच्याच शब्दांत, शेजारी शेजारी लावावे.

दार उघडण्यापूर्वी एक दिवस फक्त जुन्या कामगारांना बोलवावे आणि प्रत्येकाच्या हाती पेन्सिल द्यावी. खात्याचे नाव चुकले असेल, फोटोतला जॉबर, म्हणजे मुकादम, भलताच कोणी असेल. ते खोडतील, बाजूला लिहितील, आपसांत वाद घालतील. ती प्रत्येक दुरुस्ती कोणी सुचवली त्याच्या नावासह आणि तारखेसह नोंदवहीत जावी, आणि दर सहा महिन्यांनी पाट्या नव्याने छापाव्यात.