प्लेगच्या साथीत रमाबाईंचा सवाल

१८९७. पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. प्लेग अधिकारी रँडच्या हुकमाने गोरे सोजीर घरात घुसत, थेट देवघरापर्यंत जात. बायकांना उघड्यावर तपासल्याच्या तक्रारी होत्या.

पंडिता रमाबाई १८८३मध्ये ख्रिस्ती झालेल्या, म्हणजे राज्यकर्त्यांच्याच धर्माच्या. तरी त्या गप्प बसल्या नाहीत. ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात त्यांनी प्लेगच्या इस्पितळातली स्त्रियांची परवड आणि आपल्या शारदा सदन या आश्रमातल्या एका मुलीची दशा मांडली. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. सरकारने आरोप फेटाळले. रमाबाईंचे हे धैर्य शाळेत शिकवायलाच हवे.

साथीतली माणसांची मानहानी पुढेही थांबली नाही. मार्च २०२०मध्ये कोरोनाच्या साथीत ईशान्य भारतीयांना ‘कोरोना’ म्हणून हिणवले जाऊ लागले. केंद्रीय गृहमंत्रालयाला राज्यांना पत्र धाडावे लागले. एप्रिलमध्ये मुंबईत कलिन्यात दुचाकीस्वार एका मणिपुरी तरुणीवर थुंकला. राष्ट्रीय महिला आयोगाने त्याची दखल घेतली.