नोकरी सांभाळून बँकिंगची परीक्षा : थोड्या वेळाचा विनियोग

१९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे आणि एप्रिल १९८० मध्ये आणखी सहा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यानंतर बँक खेड्यापाड्यांत पोहोचली, हे वाचकांस विदितच आहे. शाखा गावात आली की सोय होते. परंतु ती सोय पुरतेपणी पदरात पडावयाची तर खिडकीपलीकडे बसलेल्या कर्मचाऱ्यास नियमांची जाण असावी लागते. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या नात्यातील एका काकूंना यजमानांच्या पश्चात त्यांच्या ठेवीसाठी बँकेत चार खेपा घालाव्या लागल्या. ठेवीवर काकूंच्या नावे नामनिर्देशन रीतसर नोंदलेले होते, तरी वारसा दाखला मागण्यात आला. कर्मचारी सौजन्याने बोलत होता. नियम मात्र त्यास ठाऊक नव्हता. वैध नामनिर्देशन असेल आणि न्यायालयाचा मनाई आदेश नसेल, तर बँकेने असा दाखला मागण्याचे कारण नाही. नामनिर्देशित व्यक्ती ती रक्कम कायदेशीर वारसांच्या वतीने विश्वस्त म्हणून स्वीकारते, एवढेच.

हा नियम ज्या परीक्षेच्या अभ्यासक्रमात येतो तिचे नाव जे. ए. आय. आय. बी. ही परीक्षा इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स ही मुंबईस्थित संस्था घेते. सन १९२८ मध्ये ती इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्स या नावाने स्थापन झाली. बँकेत नोकरीस असलेल्या आणि संस्थेचे सभासदत्व घेतलेल्या कर्मचाऱ्यांसाठी ही परीक्षा आहे. ती उत्तीर्ण झाल्यास सार्वजनिक क्षेत्रातील बँकांत एक वेतनवाढ मिळते आणि पुढील सी. ए. आय. आय. बी. परीक्षेचा मार्ग खुला होतो. आपल्या तालुक्यांतील अनेक तरुण-तरुणी आज बँकांत आहेत. त्यांना, आणि त्यांच्या अभ्यासास घरातून अथवा शाळेतून हातभार लावणाऱ्यांना, पुढील विवेचन उपयोगी पडावे.

विषय चार आहेत : भारतीय अर्थव्यवस्था व वित्तव्यवस्था, बँकिंगची तत्त्वे व व्यवहार, लेखाशास्त्र व वित्तीय व्यवस्थापन, आणि किरकोळ बँकिंग व संपत्ती व्यवस्थापन. प्रत्येक प्रश्नपत्रिका शंभर गुणांची, सुमारे शंभर वस्तुनिष्ठ प्रश्नांची आणि दोन तासांची असते.

वाळपई, सांगे किंवा काणकोण येथून रोज बसने ये-जा करणाऱ्या कर्मचाऱ्याजवळ वेळ तो किती उरणार? सहा दिवस एकेक तास आणि रविवारी चार तास, असे आठवड्याचे दहा तास धरावेत. बारा आठवड्यांत एकशेवीस तास होतात. चार विषयांना ते प्रत्येकी तीस असे समान वाटणे हीच पहिली चूक होय. लेखाशास्त्रास पंचेचाळीस, बँकिंगच्या तत्त्वांस पस्तीस आणि उरलेल्या दोहोंस वीस-वीस तास द्यावेत, असे आमचे मत आहे. दुसऱ्या व शेवटच्या दोन विषयांत पुष्कळ भाग समान असल्याने एकाचा अभ्यास दुसऱ्यास उपयोगी पडतो.

लेखाशास्त्रास एवढा वाटा का, याचे कारण सांगितले पाहिजे. हा विषय बसमध्ये उभ्याने वाचून येत नाही. कला शाखेचा पदवीधर या नात्याने प्रस्तुत लेखकास ताळेबंदाची धास्ती चांगलीच परिचयाची आहे. सोडवलेले उदाहरण वाचताना सर्व काही समजते आणि वही पुढे ओढली की पहिल्याच ओळीत नावे कोणते व जमा कोणते याचा घोळ होतो. म्हणून रोजचा तास टेबलाशी बसून, हाताने आकडे मांडण्यासाठी राखून ठेवावा. एका दिवशी दोनच उदाहरणे झाली तरी चालतील. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हा क्रम सोडू नये. गावातील उच्च माध्यमिक विद्यालयात वाणिज्य शाखेचे शिक्षक असतील तर संकोच न करता त्यांची मदत घ्यावी.

उदाहरणे दूर शोधावयास नकोत. शाळेच्या रोकडवहीत बँकेतील शिल्लक बारा हजार रुपये आणि पासबुकात पंधरा हजार दिसते. तीन हजारांचा धनादेश दिलेला आहे, पण तो अद्याप वटलेला नाही. बँक जुळवणी पत्रकाचे मर्म एवढ्यात आले. तसेच मुदत ठेवीचे. एक लाख रुपयांवर द. सा. द. शे. ८ दराने सरळव्याज वर्षाला ८,००० रुपये होते. तेच व्याज तिमाही चक्रवाढीने आकारल्यास ठेव पहिल्या तिमाहीअखेर १,०२,०००, दुसऱ्या १,०४,०४०, तिसऱ्या १,०६,१२०.८० आणि वर्षअखेर १,०८,२४३ रुपये होते. हे चार आकडे एकदा स्वतः काढले की सूत्र लक्षात राहते, आणि ठेवीदाराने विचारल्यास त्यालाही समजावून सांगता येते.

बँकिंगच्या विषयासाठी शाखेतील कामच पाठ्यपुस्तक मानावे. दिवसभरात हातून गेलेल्या एका कागदाचा नियम त्याच संध्याकाळी पुस्तकात पाहावा. कर्ज अनुत्पादक केव्हा ठरते, हा प्रश्न घ्या. सर्वसाधारण मुदत कर्जात हप्ता वा व्याज नव्वद दिवसांहून अधिक थकले की ते अनुत्पादक होते. पीक कर्जास ही मोजणी लागू नाही. तेथे अल्पमुदतीच्या पिकासाठी दोन हंगाम व दीर्घमुदतीच्या पिकासाठी एक हंगाम पाहिला जातो. भातशेतीच्या कर्जाची वही हाताळणाऱ्यास हे एकदा सांगितले की पुरे. केवळ पुस्तकावरून पाठ करणाऱ्याचा येथे हमखास गोंधळ होतो. बसमधला वेळ अशा नियमांच्या उजळणीस योग्य.

जुन्या प्रश्नसंचांबाबत सावध राहावे. ठेव विम्याची मर्यादा १९९३ पासून एक लाख रुपये होती; ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख झाली. वडीलबंधूंनी वापरलेल्या संचात जुने उत्तर बरोबर म्हणून छापलेले आढळेल. नामनिर्देशनाचेही तसेच : ठेवीसाठी पूर्वी एकच नाव देता येत असे, १ नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत नावे देता येतात. येथे एक खुबी ध्यानात घ्यावी. फेब्रुवारी ते जुलै या काळातील परीक्षांसाठी आधीच्या ३१ डिसेंबरपर्यंतचे आणि ऑगस्ट ते जानेवारीतील परीक्षांसाठी ३० जूनपर्यंतचे नियम प्रमाण धरण्याची संस्थेची पद्धत आहे. त्या तारखेनंतर बदललेला नियम खिडकीवर लागू होतो, उत्तरपत्रिकेत नव्हे.

उत्तीर्ण होण्यास प्रत्येक विषयात ५० गुण लागतात. मात्र एकाच प्रयत्नात सर्व विषयांत किमान ४५ आणि एकूण सरासरी ५० टक्के मिळाल्यासही उमेदवार उत्तीर्ण ठरतो. लेखाशास्त्रात ४५ पडले आणि अन्य तीन विषयांत मिळून १५५ झाले, तर काम झाले. तेच १५४ झाले व त्या तिन्ही विषयांत ५० किंवा अधिक गुण असले, तर लेखाशास्त्र तेवढे पुन्हा द्यावे लागते. इतर विषयांचे यश ठरावीक मुदतीपर्यंत कायम राहते. यास्तव कच्च्या विषयाच्या भीतीने पक्क्या विषयांकडे दुर्लक्ष करू नये. तेथील पाच-दहा जादा गुणांवर पुष्कळ काही अवलंबून असते.

परीक्षा संगणकावर होते. शंभर प्रश्नांना दोन तास म्हणजे प्रत्येकी बहात्तर सेकंद. आकडेमोडीचे प्रश्न पहिल्या फेरीत खूण करून मागे ठेवावेत. चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. शेवटच्या आठवड्यात नवे प्रकरण हाती घेऊ नये. शक्य असल्यास एक दिवसाची रजा वरिष्ठांकडे आधीच मागून, दोन तासांची एक पूर्ण सराव परीक्षा घड्याळ लावून द्यावी. प्रवेशपत्र व छायाचित्रासह मूळ ओळखपत्र आदल्या रात्री पिशवीत ठेवावे, आणि रविवारी पहाटेची बस असते की नाही याची चौकशी शनिवारीच करावी.