बॅटरी नवी, पासबुक जुनं

मोबाईलची बॅटरी बदलल्यावर टक्के वेडेवाकडे दिसायला लागले, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितलं असेल. नव्या पिकअपमध्येही तेच होतं. फक्त तिथं बिल मोठं येतं.

मामांच्या पिकअपचंच घ्या. कुंभार पिंपळगावहून मोसंबी भरून पहाटे जालन्याला निघायचं, त्यामुळे सेल्फ उचललाच पाहिजे. बॅटरी नवी टाकली, तरी चार दिवसांत मीटरवर बॅटरीचा इशारा यायला लागला. गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद व्हायचं, तेही होईना. एकानं सांगून टाकलं, "डायनामो गेला, बदला." मामा मला म्हणाले, "अरे, तू कम्प्युटरवाला ना, बघ जरा."

आता बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर बघा. क्लॅम्पलाच चिकटलेली छोटी प्लास्टिकची डबी आणि तिच्यात बारीक वायरचा सॉकेट दिसला, तर तो सेन्सर. जुन्या गाड्यांत तो नसतोच, तिथं हा विषय संपला. करंट, व्होल्टेज आणि तापमान मोजून तो गाडीच्या कम्प्युटरला कळवतो. किती आलं, किती गेलं याचा हिशोब राहतो. थोडक्यात, पासबुक. बॅटरी बदलली तरी कम्प्युटरला ते कळत नाही. खातं नवं, पासबुक मात्र जुन्या, थकलेल्या बॅटरीचंच. म्हणून तो चार्जिंग जुन्या हिशोबानं करतो आणि इंजिन बंद-चालूची सोय रोखून धरतो.

आधी मल्टिमीटर लावला. रात्रभर उभ्या गाडीत भरलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. आमची 12.3 होती, म्हणजे अर्धवट भरलेली. इंजिन चालू केल्यावर 14.2 आले. डायनामो ठणठणीत! (नव्या गाड्यांत कम्प्युटर हा आकडा मुद्दाम कमीही करतो, तेव्हा एका रीडिंगवर डायनामोला फाशी देऊ नका.)

मग नवी बॅटरी रिकामी का होत होती? खरी गंमत इथं आहे. कुणीतरी जीपीएस ट्रॅकर आणि टेपच्या अँप्लिफायरची अर्थ वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आवळली होती. सेन्सर असतो खांब आणि बॉडी यांच्या मध्ये. गाडी उभी असताना या वायरीतून खर्च होणारा करंट सेन्सरला वळसा घालून जातो, नोंदच होत नाही. त्याहून वाईट म्हणजे इंजिन चालू असताना डायनामोचा तोच करंट खांबावरून सेन्सरमार्गे बॉडीत परततो आणि 'जमा' म्हणून लिहिला जातो. खर्च गायब, वर खोटी जमा. कोडमध्ये असा बग सापडला असता तर मी दोन दिवस हसलो असतो.

उपाय दहा नंबरच्या पान्याचा. दोन्ही वायरी काढून बॉडीच्या रंग खरवडलेल्या बोल्टवर घेतल्या. जंप स्टार्ट करतानाही काळा चिमटा खांबावर नको, बॉडीवर लावा.

मग पासबुक नवं करायचं. बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावून 'बॅटरी बदलली' अशी नोंद करावी लागते, काहींत बॅटरीची क्षमता आणि प्रकारही भरावा लागतो. इंजिन बंद-चालूवाल्या गाडीत साधी बॅटरी बसवू नका, ईएफबी किंवा एजीएम जे मूळ होतं तेच घ्या. स्कॅनर नसेल तर काही गाड्या स्वतःच शिकतात: बॅटरी पूर्ण चार्ज करा, गाडी लॉक करून आठेक तास सोडा. दार उघडायचं नाही, चार्जरला मोबाईल लावायचा नाही. शांत बॅटरीचं व्होल्टेज वाचून सेन्सर हिशोब जुळवून घेतो. कुठली पद्धत चालेल ते गाडीच्या पुस्तकात बघा.

आणि बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना निगेटिव्ह शेवटी. क्लॅम्प हातोडीनं ठोकू नका, त्या डबीत नाजूक सर्किट असतं.