ऑस्करला टाकी केवढी?

अलिबाग-पेणकडे हौसेने आणलेलं ऑस्कर माशाचं पिल्लू दोन इंचांचं असतं, म्हणून दोन फुटी टाकी पुरेशी वाटते. वर्षभरात तोच मासा दहा-बारा इंचांचा होतो. त्याला सहज वळता यायला टाकीची रुंदी माशाच्या लांबीहून जास्त हवी. एका ऑस्करला चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी हवीच, असं माझं ठाम मत आहे. तिच्यात सुमारे २५० लिटर पाणी मावतं. नुसत्या पाण्याचं वजनच अडीचशे किलो, तेव्हा स्टँड भक्कम घ्या. हा मासा खादाड, लहान टाकीत अमोनिया झपाट्याने वाढतो. वीज गेली की टाकीतला पंपही थांबतो; जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडात कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. अशा वेळी बॅटरीवरचा एअर पंप घरात हवा.